पार्ट टू पहिल्यापेक्षा सरस कधी होतो? व्हिडिओ गेमच्या दुनियेतला मुहासबा

"अब्बू, पार्ट टू आलाय, घेऊन द्या ना!" ज्या घरात दहा ते वीस वर्षांची मुलं आहेत, त्या घरात हे वाक्य ऐकू आलंच असेल. मोठा नवा गेम चार-पाच हजार रुपयांना पडतो. आई-वडिलांना वाटतं की पहिला घरात आहेच, मग दुसरा कशाला? कंपनीने नंबर बदलून पुन्हा पैसे काढायचा धंदा मांडलाय, बाकी काही नाही.

बऱ्याचदा ते खरंही असतं. पण नेहमी नाही. सिनेमात दुसरा भाग पहिल्याची सर गाठत नाही, असा आपला अनुभव आहे. गेमच्या बाबतीत मात्र अनेकदा उलटं होतं, आणि दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस निघतो. असं का होतं, आणि कधी होत नाही, हे समजून घेतलं तर दोन फायदे आहेत. एक म्हणजे पैसे कुठे घालायचे ते कळतं. दुसरं म्हणजे मुलांशी या विषयावर भांडण न होता बोलता येतं. आज अनेक घरांत मुलं पडद्यासमोर आणि आई-वडील दाराबाहेर अशी स्थिती आहे. म्हणून ही दुसरी गोष्ट जास्त गरजेची आहे.

कारण काय?

गेम बनवताना पहिल्या वेळी अर्धी ताकद पायाभरणीतच जाते. पात्र कसं चालेल, भिंतीवर कसं चढेल, कॅमेरा कुठून दिसेल, शहर कॉम्प्युटरला कसं झेपेल, हे सगळं शून्यातून उभं करावं लागतं. त्यात तारीख जवळ येते आणि गोष्ट, मोहिमा, विविधता यांना वेळच उरत नाही. दुसऱ्या वेळी पाया तयार असतो. घर तेच, आता फक्त खोल्या नीट लावायच्या.

दुसरं कारण आहे तक्रारी. सिनेमा दोन-अडीच तासांत संपतो. गेम माणूस वीस-तीस तास स्वतःच्या हाताने खेळतो, त्यामुळे कुठे कंटाळा आला, कुठे चीड आली, हे त्याला नेमकं सांगता येतं. ज्या कंपनीने हे ऐकून प्रामाणिकपणे स्वतःचा हिशेब घेतला, तिचा पुढचा भाग सुधारला. आपल्याकडे यालाच मुहासबा म्हणतात. आपण काय केलं, काय चुकलं, उद्या काय बदलायचं, याचा हिशेब. अखलाकचा हा धडा धंद्यालाही लागू पडतो, आणि गेमच्या इतिहासात त्याची उदाहरणं ठळक दिसतात.

'मुस्तफा'वाल्या कंपनीची गोष्ट

आज जे अब्बू-मामू चाळिशीत आहेत, त्यांना गेम पार्लर आठवत असेल. एक नाणं टाकायचं आणि उभं राहून खेळायचं. त्यात एक गेम आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी 'मुस्तफा' याच नावाने होता. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला, आणि त्यातल्या चार हिरोंपैकी एकाचं नाव मुस्तफा कैरो होतं. मशीनवर काय लिहिलंय ते कोण वाचतंय! पोरांनी आपल्या ओळखीचं नाव उचललं आणि गेमचं बारसं करून टाकलं.

याच कॅपकॉमने १९८७ मध्ये 'स्ट्रीट फायटर' काढला होता. आज तो फारसा कुणाला आठवत नाही. त्यात खेळणाऱ्याला र्‍यू हा एकच लढवय्या मिळायचा, समोर दुसरा माणूस आला तर त्याला केन. खास डाव टाकायला इतकं अवघड की हात दुखायचे आणि डाव लागायचा नाही.

१९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर टू' आला आणि जगभरच्या पार्लरमध्ये रांगा लागल्या. बदललं काय? आता आठ लढवय्यांतून निवड करता येत होती, आणि प्रत्येकाची लढायची पद्धत वेगळी. त्यात चुन-ली नावाची मुलगी होती, आणि भारतातला म्हणून हात लांब करणारा धालसिम नावाचा योगीही होता. खास डाव सरावाने जमू लागले. गंमत म्हणजे एकामागून एक फटके जोडण्याची जी 'कॉम्बो'ची पद्धत आज अशा प्रत्येक गेममध्ये आहे, ती आधी ठरवलेलीच नव्हती. चाचणी चालू असताना बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं की एका फटक्याला दुसरा जोडता येतोय. त्यांनी ती चूक पुसली नाही, राहू दिली, आणि पुढे तीच या प्रकारच्या खेळाची जान झाली.

मूळ कल्पना तीच होती, दोन माणसं समोरासमोर. बदलला तो खेळणाऱ्याला त्रास देणारा भाग.

दमिश्क ते फ्लॉरेन्स

आता असं उदाहरण घेऊ, ज्याचा आपल्या इतिहासाशी संबंध आहे.

सायबर कॅफेच्या जमान्यात 'प्रिन्स ऑफ पर्शिया' अनेकांनी खेळलाय. पांढऱ्या कपड्यातला शहजादा, तळघर, जमिनीतून वर येणारे सुळे. १९८९ चा हा गेम जॉर्डन मेकनर यांचा. पुढे २००३ मध्ये युबिसॉफ्ट कंपनीने 'सँड्स ऑफ टाइम' काढून त्याला नवं आयुष्य दिलं. त्याचा पुढचा भाग बनवायला घेतला, पण त्यात शहजाद्यापेक्षा त्याचा रखवालदारच महत्त्वाचा होऊ लागला. शेवटी त्याचा वेगळाच गेम झाला. तो म्हणजे नोव्हेंबर २००७ मध्ये आलेला 'असॅसिन्स क्रीड'.

काळ इसवी सन ११९१, तिसरं क्रुसेड. एका बाजूला सुलतान सलाहुद्दीन अय्युबी, दुसऱ्या बाजूला इंग्लंडचा राजा रिचर्ड. शहरं तीन: दमिश्क, अक्का आणि बैतुल मुकद्दस. हिरोचं नाव अल्ताइर इब्न ला-अहद. दमिश्कमधली उमय्या मशीद आणि बैतुल मुकद्दसमधला कुब्बतुस्सखरा पडद्यावर उभे राहिले. पाश्चात्त्य गेममध्ये अरब म्हटला की बंदूकवाला शत्रू, अशी सवय झालेल्या काळात एका अरब नावाच्या माणसाला हिरो करणं मोठी गोष्ट होती. दुष्ट माणसंही दोन्ही बाजूंना दाखवली. गेम सुरू होताना एक सूचनाही यायची, की वेगवेगळ्या धर्मांच्या आणि श्रद्धांच्या लोकांनी मिळून हे काल्पनिक काम केलं आहे.

शहरं सुंदर, चढणं-धावणं लाजवाब. पण खेळ? एका मोहिमेची तयारी म्हणजे उंच मनोऱ्यावर चढून शहर बघा, बाकावर बसून कुणाचं बोलणं ऐका, कुणाचा खिसा कापा, कुणाला मारून माहिती काढा, मग मुख्य माणसाला गाठा. हेच चक्र नऊ वेळा. चौथ्या-पाचव्या वेळी माणूस जांभया देतो. त्यात हिरो इमारतीवरून उड्या मारतो, पण पाण्यात पडला की मेला. संवाद लिहूनही दिसत नव्हते, त्यामुळे इंग्रजी उच्चार न कळणाऱ्यांची गोष्टच सुटायची.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर २००९ मध्ये, दुसरा भाग आला. पॅट्रिस देसिले हेच पुन्हा मुख्य दिग्दर्शक होते. गोष्ट पंधराव्या शतकातल्या इटलीत गेली, फ्लॉरेन्स आणि व्हेनिसमध्ये. हिरो एझिओ नावाचा तरुण. अल्ताइर सुरुवातीपासूनच तयार योद्धा होता. एझिओ बेफिकीर पोरगा असतो, वडील आणि भावांना फाशी दिली जाते, आणि मग तो हळूहळू घडत जातो. त्यामुळे खेळणाऱ्याचा जीव गुंतला.

तक्रारींची यादी समोर ठेवून काम केल्यासारखं दिसतं. ठरावीक चक्र काढलं आणि प्रत्येक मोहीम गोष्टीतून आली. हिरो पोहायला लागला. संवाद लिहून दिसू लागले. गावातली दुकानं-इमारती दुरुस्त केल्या की कमाई होऊ लागली, म्हणजे जमवलेल्या पैशाला अर्थ आला. लिओनार्दो दा विंची मित्र म्हणून भेटतो, त्याच्या उडत्या यंत्रावर बसायला मिळतं. एखाद्या इमारतीजवळ गेलं की तिचा इतिहास वाचता येतो. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर पहिल्या भागाला शंभरपैकी ८० च्या आसपास गुण आहेत, तर दुसऱ्याला ९० च्या आसपास.

आणि काय ठेवलं, तेही बघा. चढणं, गर्दीत मिसळणं, खरं वाटणारं जुनं शहर. जे लोकांना आवडलं होतं, त्याला हात लावला नाही.

इतिहास मात्र गेममधून शिकू नका

इथे एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगायला हवी. गेममधली ती गुप्त टोळी खऱ्या इतिहासावरून उचलली आहे, पण ती खरा इतिहास नाही. हसन बिन सब्बाहने १०९० मध्ये इराणमधला अलमूतचा किल्ला घेतला. हे लोक निझारी इस्माईली होते. त्यांची एक शाखा सीरियात मस्याफच्या किल्ल्यात होती, आणि तिचा प्रमुख होता रशीदुद्दीन सिनान. सुलतान सलाहुद्दीन यांनी ११७६ मध्ये मस्याफला वेढा घातला आणि नंतर उठवला, एवढा इतिहास आहे. नशा करून खून करायला पाठवायचे, या ज्या कहाण्या आहेत, त्या विरोधकांनी आणि मार्को पोलोसारख्या प्रवाशांनी पसरवल्या. आजचे इतिहासकार त्या मानत नाहीत.

गेमने या टोळीच्या तोंडी जे ब्रीद घातलंय, ते सत्यही नाकारतं आणि हराम-हलालची हद्दही. ते कुठल्याही मुस्लिम जमातीचं नाही. ते आलंय स्लोव्हेनियाचे लेखक व्लादिमीर बार्तोल यांच्या १९३८ च्या 'अलमूत' या कादंबरीतून, जिच्यावरून गेम बनवणाऱ्यांनी प्रेरणा घेतली. मुलगा ते ब्रीद टी-शर्टवर मिरवत असेल, तर रागावण्याआधी हे सांगा. बहुतेक मुलांना ते माहीतच नसतं.

तक्रार ऐकली जाते

पहिल्या भागाबद्दल आणखी एक तक्रार होती. अल्ताइर सीरियातला, आजूबाजूचे लोक अरबी ढंगात इंग्रजी बोलतात, आणि हिरो बोलतो अमेरिकन ढंगात. म्हणजे आपल्याच मातीत परका. २०११ मध्ये 'रेव्हलेशन्स' हा भाग आला, जो मुख्यतः उस्मानी काळातल्या इस्तंबूलमध्ये घडतो. त्यात अल्ताइरचा आवाज बदलला आणि बोलण्याचा ढंगही त्या मुलखाचा झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'मिराज' आला तेव्हा तर पूर्ण गेम अरबी भाषेतही ऐकायची सोय झाली.

'मिराज' घडतो नवव्या शतकातल्या बगदादमध्ये. अब्बासी खलिफा मन्सूर यांनी ७६२ मध्ये वसवलेलं ते गोल शहर. १२५८ च्या मंगोल हल्ल्यात बगदाद उद्ध्वस्त झालं, आणि त्या गोल शहराचं आज जमिनीवर काही उरलेलं नाही. ते गेममध्ये चालून बघता येतं. बैतुल हिकमा आणि बनू मूसा बंधू त्यात भेटतात, आणि संग्रहालयांतल्या वस्तूंच्या फोटोंसह इतिहासाची माहिती वाचता येते. खेळ म्हणून तो सगळ्यांना आवडला असं नाही, दुसऱ्या भागाइतके गुण त्याला मिळाले नाहीत. पण आदर या एका बाबतीत २००७ पासून २०२३ पर्यंत मालिका पुढे सरकली.

इतर कंपन्यांनाही बोलावं लागलं. 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या २००९ च्या 'मॉडर्न वॉरफेअर टू'मध्ये एका बाथरूमच्या भिंतीवर टांगलेल्या चौकटीवर अल्लाह तआलाच्या सौंदर्याबद्दलचे हदीसमधले शब्द होते. मुस्लिम खेळाडूंनी ते दाखवून दिलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीने माफी मागून तो नकाशाच काढून घेतला. तरी २०२१ मध्ये याच मालिकेच्या 'व्हॅनगार्ड'मध्ये कुरआन शरीफची पानं जमिनीवर पडलेली दिसली. पुन्हा तक्रारी झाल्या, कंपनीने अरबीत माफी मागितली आणि ती पानं हटवली. यातून दोन गोष्टी कळतात. शांतपणे, पुराव्यासह केलेली तक्रार पोहोचते. आणि जी कंपनी चूक फक्त पुसते, तिच्यापासून शिकत नाही, ती पुन्हा तिथेच घसरते.

हाव आली की

आता उलटं उदाहरण. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट' २०१५ मध्ये आला, तेव्हा एकट्याने खेळायची गोष्टच नाही म्हणून लोक नाराज झाले. २०१७ च्या दुसऱ्या भागात कंपनीने गोष्ट दिली. म्हणजे तक्रार ऐकली. पण त्याच वेळी 'लूट बॉक्स' आणले. ही एक बंद पेटी असते. आत काय निघेल ते नशिबावर, आणि पेट्या खऱ्या पैशाने मिळवता येणार. ज्याने जास्त पैसे टाकले, त्याचं पात्र ताकदवान. जगभर एवढा गदारोळ झाला की गेम बाजारात येण्याच्या ऐन तोंडावर कंपनीला ही विक्री थांबवावी लागली. नंतर विक्री सुरू केली ती फक्त दिसण्या-सजवण्याच्या वस्तूंची.

२०१८ मध्ये बेल्जियमच्या सरकारी नियामकाने काही गेममधल्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात असं ठरवलं. फुटबॉलच्या 'फिफा' गेममध्ये याच पद्धतीने खेळाडू निघायचे. तिथे त्यासाठीचे पॉइंट्स विकणं २०१९ च्या सुरुवातीला बंद करावं लागलं.

पैसे द्यायचे, नशीब आजमावायचं, निघालं तर निघालं. याला आपण काय म्हणतो ते वेगळं सांगायला नको. गेम हलाल की हराम, या वादात घरं अडकतात, आणि त्याच वेळी अब्बूंच्या फोनमधून पेटीमागून पेटी उघडली जात असते. आधी तिकडे बघा. मसला विचारायचा असेल, तर जवळच्या आलिमना 'गेम खेळावा का' एवढंच विचारू नका. ही पेटीची पद्धत समजावून सांगून विचारा.

घरात सगळ्यांसमोर खेळता येईल असा

सगळेच चांगले गेम मारामारीचे नसतात. 'पोर्टल' २००७ मध्ये आला. काही विद्यार्थ्यांनी कॉलेजात बनवलेल्या छोट्या गेमवरून व्हॉल्व्ह कंपनीने तो तयार केला. एका भिंतीला एक दार पाडायचं, दुसऱ्या भिंतीला दुसरं. यातून शिरलं की त्यातून बाहेर. एवढ्यावर कोडी सोडवायची. डोकं चालवणारा, पण काही तासांत संपणारा. २०११ च्या 'पोर्टल टू'ने ते दार तसंच ठेवलं आणि भोवतीचं जग मोठं केलं. घसरवणारे आणि उसळवणारे रंग आले. मुख्य म्हणजे दोघांनी मिळून खेळायची वेगळी मोहीम आली, ज्यात दोन रोबो एकमेकांच्या मदतीशिवाय पुढे जाऊच शकत नाहीत. भाऊ-बहिणीने किंवा बाप-लेकीने शेजारी बसून खेळावा असा हा गेम आहे. यात गोळ्या झाडणारी यंत्रं आहेत, पण माणसं मारायची नाहीत.

घेण्याआधी पाच गोष्टी

एक, वयाचा आकडा बघा. गेमच्या पाकिटावर किंवा ऑनलाइन दुकानाच्या पानावर तो असतो. युरोपची पेगी संस्था ३, ७, १२, १६, १८ असे आकडे देते. अमेरिकेच्या पद्धतीत 'एम' म्हणजे १७ वर्षांच्या वर. 'असॅसिन्स क्रीड'चे वर सांगितलेले भाग मोठ्यांसाठीचे आहेत, बारा वर्षांच्या मुलासाठी नाहीत, भले त्यात बगदाद असो. 'पोर्टल टू'ला पेगीने १२ चा आकडा दिलाय.

दोन, मुलालाच विचारा: "पहिल्यात काय वाईट होतं आणि दुसऱ्यात काय बदललं?" नीट उत्तर देता आलं तर त्याने विचार केलाय. "सगळे घेतायत" एवढंच उत्तर आलं तर थांबा.

तीन, आल्या दिवशी घेऊ नका. काही आठवड्यांत लोकांचे खरे अनुभव कळतात, आणि काही महिन्यांत किंमतही उतरते.

चार, आत आणखी पैसे लागतात का, नशिबाच्या पेट्या आहेत का, ते बघा. फोनमध्ये किंवा खात्यात कार्ड जोडून ठेवू नका.

पाच, मध्येच थांबवता येतो का ते विचारा. एकट्याने खेळायचे गोष्टीचे गेम अजान झाली की थांबवून उठता येतं. ऑनलाइन सामना थांबत नाही. नमाजच्या वेळी, दस्तरखान मांडल्यावर मूल उठत नाही, याचं कारण दर वेळी हट्ट नसतो, खेळाचा प्रकार असतो. ते माहीत असेल तर वेळ आधीच ठरवता येते.

गेम बनवणारे पहिल्या भागातल्या चुका समोर मांडून दुसरा भाग सुधारतात. घरातल्या नियमांचंही तसंच करायला हरकत नाही. सुट्टीत केलेला नियम चालला नाही, तर आई-वडील आणि मुलांनी एकत्र बसून काय चुकलं ते बघावं आणि शाळा सुरू होताना नवा करावा. जे चांगलं चाललं होतं ते ठेवावं, आणि जे रोज भांडण लावत होतं ते काढून टाकावं.